बंगलेवाल्यांनो, कुत्रा आमच्या भरवशावर ठेवून जाऊ नका

प्रति,
अलिबाग-मुरुडपासून श्रीवर्धन, दापोली, गुहागर करत पार मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राकाठी दुसरं घर घेतलेले समस्त बंगलेवाले आणि फार्महाऊसवाले यांस,

स.न.वि.वि.

मी दापोलीच्या किनाऱ्यावर घरगुती निवास-न्याहारी चालवते. तुमच्यातले काही जण बंगल्याचं काम सुरू होतं तेव्हा आमच्याकडेच उतरायचे. आमचे घावणे खाऊन गेलेत, अजूनही पाहुणे पाठवतात. त्यामुळे हे पत्र म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय आहे, असं घरच्यांनी मला बजावून झालंय. तरी लिहिते, कारण आगोट, म्हणजे पावसाची सुरुवात, तोंडाशी आली की दरवर्षी तोच प्रकार होतो आणि निस्तरायला आम्ही उरतो.

मागणं आधीच सांगून टाकते. बंगल्यासाठी म्हणून कुत्रा घेऊ नका. पाळायचाच असेल तर तुम्ही स्वतः बारा महिने जिथं राहता तिथं पाळा. डोंबिवलीत राहत असाल तर डोंबिवलीत, कोथरूडला तर कोथरूडला. सुट्टीला येताना त्याला बरोबर आणा, जाताना बरोबर न्या. आणि नवं पिल्लू विकत आणण्याऐवजी कुणीतरी टाकून दिलेलं, संस्थेच्या पिंजऱ्यात बसून राहिलेलं मोठं कुत्रं घरी न्या.

होतं काय, हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. पण तुम्ही ते मे महिन्यापर्यंतच बघता, म्हणून पुढचं लिहून काढते.

वास्तुशांत होते दिवाळीच्या मागेपुढे. पंगती उठल्या की कुणीतरी म्हणतं, एवढी मोठी जागा, राखणीला एक कुत्रा हवाच. पुढच्या फेरीला गाडीतून खोका उतरतो. आत लॅब्राडोर, नाहीतर जर्मन शेफर्ड, अलीकडे हस्कीसुद्धा. २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आमच्या डोळ्यांदेखत खोक्यातून निघालेली काही पिल्लं तर धड खायलाही शिकलेली नव्हती, बोटाला लावून दूध चाटवावं लागत होतं. नोंदणीचा कागद बघितलात का, असं विचारलं की तुम्ही हसता. "अहो, ओळखीतला माणूस आहे."

मग थंडीभर मजा. मुलं त्याला घेऊन वाळूत लोळतात, फोटो निघतात. सोमवारी पहाटे गाडी गेली की ते पार्किंगच्या खांबाला, ते थेट शुक्रवारी रात्री सुटणार. एप्रिलपर्यंत ते गुडघ्याच्या वर येतं, पांढऱ्या कपड्यांवर उड्या मारतं, पाहुण्यांच्या चपला फाडतं, शेजारच्या कोंबड्यांच्या मागे लागतं. तोवर मुलांचं मन दुसरीकडे गेलेलं असतं. मेच्या शेवटी घर बंद करायची वेळ येते. सोफ्यांवर चादरी, मेन स्विच बंद, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री. फ्रिजला बुरशी येऊ नये म्हणून तो रिकामा करून दार फटीनं उघडं ठेवायची आठवण तुम्हाला बरोबर राहते. कुत्र्याबद्दल राखणदाराला जाता जाता सांगता, "बघ रे जरा त्याच्याकडे."

आता त्या राखणदाराचं बघा. तुम्ही त्याला पैसे देता ते बाग शिंपायचे आणि घर झाडायचे. पाऊस लागला की बागेला पाणी नको, म्हणून काही मालक तेवढ्या महिन्यांचा पगारही निम्म्यावर आणतात. त्याची स्वतःची शेती असते. मृगात पेरणी, पुढे लावणी. त्या दिवसांत माणूस उजाडताच चिखलात उतरतो तो अंधार पडल्यावर वर येतो. तुम्ही आणून ठेवलेली कुत्र्याच्या खाण्याची गोणी कधीच संपलेली असते. स्वतःच्या घरचा भात तो घालतो, नाही असं नाही. पण तुमच्या लॅब्राडोरचं पोट त्याच्या घरच्या गावठी कुत्र्याच्या दुप्पट. एक दिवस तो साखळी काढून टाकतो. त्याला मी बोल लावणार नाही. बांधून उपाशी मारण्यापेक्षा मोकळं सोडलेलं बरं, असा त्याचा हिशोब असतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं काय केलं असतं?

तिकडे तुम्हाला वाटत असतं, कोकणात काय, मासळीला तोटा नाही, बंदरावर जाईल, खाईल, जगेल. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचे दिवस आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणांनी. एरवी हर्णैच्या बंदरावर लिलाव भरतो तेव्हा बघा. होड्यांतून टोपल्या उतरतात, बैलगाड्या पाण्यात शिरतात, पापलेट-सुरमई बर्फात जाते, आणि डोकी, आतडी, चेंगरलेली बारकी मासळी वाळूत पडते. तिच्यावर घारी, कावळे, मांजरं आणि कुत्री जगतात. जून लागला की नौका वर ओढून झाकल्या जातात आणि तो सगळा गलका थांबतो. त्याच पंधरवड्यात किनाऱ्यावरच्या टपऱ्या उठतात, हॉटेलांची मागची दारं बंद होतात, आमच्याकडेही एखाद-दुसरीच खोली चालू राहते. म्हणजे वर्षातल्या ज्या घडीला तुमचा कुत्रा मोकळा होतो, नेमकं त्याच घडीला किनाऱ्यावर सांडणारं अन्न संपतं. आम्ही माणसं तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, लाकडं यांची बेगमी मेमध्येच करून ठेवतो. गावच्या कुत्र्यांनाही कुठल्या घरी काय वेळेला उष्टं मिळतं हे पाठ असतं. तुमच्या कुत्र्याला फक्त त्याचं भांडं माहीत असतं.

शिवाय गावात मोकळी जागा नसते. दिसायला दिसते, पण प्रत्येक आळी, प्रत्येक पाखाडी कुठल्या ना कुठल्या टोळीची असते. पट्टा घातलेलं गोंडस परकं कुत्रं आत शिरलं की ती चहूबाजूंनी येतात. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला भांडताही येत नाही आणि शेपूट घालून सुटताही येत नाही. मार खाऊन ते बाहेर पडतं ते रस्त्यावर नाहीतर रानात. रस्त्यावर डंपर, रानात बिबट्या. त्यातून वाचलं तर पाऊस आहेच, आणि पावसात उघडी जखम राहिली की बघता बघता अळ्या पडतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गडग्याशी एक जर्मन शेफर्ड कुत्री येऊन बसायला लागली. जवळ गेलं की उठायची, पण लांब जायची नाही. आधी वास आला. मानेभोवतीचे केस चिकटून कडक झाले होते आणि त्यांतून पू गळत होता. जमिनीवर ठेवलेल्या भाताकडे ती बघत राहायची, कारण मान खाली जात नव्हती. भांडं पाटावर ठेवलं तेव्हा खाल्लं तिनं. शेजारच्या पोराला बोलावून आम्ही तिला गोणपाटात धरलं, तोंडाला ओढणी बांधली आणि तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी भूल देऊन केस कापायला घेतले. आत लाल नायलॉनचा पट्टा होता, पिल्लू असताना घातलेला. ती वाढत गेली, पट्टा तेवढाच राहिला, आणि कातडी त्याच्यावर चढली. कात्रीचं टोक आत घालायला जागा नव्हती. डॉक्टरांनी तो तुकड्या-तुकड्यांनी सोडवला, टर्पेंटाईन घातलं आणि चिमट्यानं अळ्या वेचल्या. पडवीतून सासूबाई म्हणाल्या, आम्ही गुरांना सीताफळीचा पाला वाटून लावायचो. डॉक्टर म्हणाले, लावा आजी, पण आधी माझं इंजेक्शन.

पट्ट्याला हाडाच्या आकाराचा पितळी बिल्ला होता. वर "रूबी", खाली मोबाईल नंबर. मी फोन लावला. पलीकडचे गृहस्थ अगदी सभ्य, आवाज मऊ. म्हणाले, "हो हो, रूबी. तिला आम्ही आता तिकडेच देऊन टाकली ना." कुणाला दिली ते त्यांना आठवेना. औषधाचे पैसे पाठवू का, असं दोनदा विचारलं. ती कशी आहे, हे नाही विचारलं. पैसे मी घेतले, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांचं बिल द्यायचं होतं.

हस्कीबद्दल दोन शब्द, कारण हे फॅड वाढतंय. तो सायबेरियातला, बर्फावरून गाड्या ओढणारा कुत्रा. अंगावर केसांचे दोन थर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तोंडातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्यातून अंग थंड होतं. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी दमट असते की सावलीत बसलेल्या माणसाचा घामही वाळत नाही, तिथं त्या बिचाऱ्याच्या तोंडातली वाफ उडणार कशी? शहरात तुम्ही त्याला एसीत ठेवता. इथला एसी तुम्ही आलात की चालू, गेलात की बंद. चपट्या नाकाच्या पगचं तर आणखी वाईट, त्याला धापासुद्धा नीट टाकता येत नाहीत. आणि राखणीचंच म्हणाल तर हस्की भुंकण्यापेक्षा कोल्हेकुई जास्त करतो. चोर आला तर त्याच्याशी खेळत बसेल.

कायद्याचं बोलायचं तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे उपासमार किंवा तहान होईल अशा अवस्थेत जनावर टाकून जाणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणंही आहे. म्हणजे सोमवार ते शुक्रवार खांबाला असलेला तुमचा कुत्रा टाकून जाण्याच्या आधीपासूनच त्या कलमात बसतो. आता दंड ऐका. पहिल्या गुन्ह्याला दहा रुपये ते पन्नास रुपये. हे आकडे कित्येक दशकं तसेच राहिलेत. आमच्या नाक्यावर एक शहाळंसुद्धा त्यात येत नाही. तेव्हा कायद्याच्या धाकानं कुणी सुधारेल अशी माझी भाबडी समजूत नाही. म्हणून तर हे पत्र पोलीस पाटलांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आमच्या दारात येणाऱ्यांत माद्या जास्त असतात, आणि त्याचं कारण उघड आहे. सहा-आठ महिन्यांची झाली की कुत्री माजावर येते, पुढे वर्षातून साधारण दोनदा. बंगल्याच्या फाटकाशी गावभरचे कुत्रे जमतात, रात्रभर भुंकणं, भांडणं. तुम्ही शस्त्रक्रिया करून घेत नाही. कुणी म्हणतं निसर्गाच्या विरुद्ध, कुणी म्हणतं एकदा तरी आई होऊ दे तिला. दोनेक महिन्यांत पाच-सात पिल्लं, आणि मग तीच खोक्यात घालून मासळीबाजाराच्या मागे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हे स्पष्ट लिहिलंय : रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थेनं बघायचं, पाळीव जनावराचं मालकानं. आमच्या ग्रामपंचायतीकडे शस्त्रक्रियेची सोय कुठली? तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी आणि शेळ्यांच्या मागे धावून दमलेले असतात. तुमच्या शहरातल्या घराशेजारी मात्र कुत्र्यांचे दवाखाने आहेत. तिथं करून घ्या, मग आणा.

हे एवढ्यासाठी सांगते की नसबंदी केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, यावर ती सगळी पद्धत उभी आहे. लस घेतलेली, पिल्लं न होणारी जुनी कुत्री जागा धरून बसली की नवी आत येत नाहीत आणि संख्या हळूहळू उतरते. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून बाकीच्यांसाठी हेच कायम ठेवलं. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथून उचललेली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत, असाही आदेश आला. आता ती ठेवायची कुठे? कोकणात कुत्र्यांसाठी निवारे आहेतच किती? आणि अशा वेळी तुम्ही दर जूनमध्ये धडधाकट, नसबंदी न झालेलं, लस झाली की नाही ते कुणालाच ठाऊक नसलेलं नवं कुत्रं त्यात ढकलता.

लसीचा कागद तुमच्या शहरातल्या कपाटात असतो. इथं कुणाच्या पोराला तुमच्या कुत्र्यानं चावलं की आईबाप साबणानं पंधरा मिनिटं जखम धुऊन ग्रामीण रुग्णालयात पळतात, आणि महिनाभरात पसरलेल्या सुया घेताना त्यांच्या मनात काय चाललेलं असतं ते तुम्हाला कळायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय नाही. बांद्याच्या पलीकडे गोव्यानं दरवर्षी घरोघर, रस्तोरस्ती फिरून कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. शंभरातल्या निदान सत्तर कुत्र्यांना लस असली की रोगाची साखळी तुटते असं मानतात. ते सत्तर गाठायचे तर आधी कुत्री मोजलेली असावी लागतात, आणि दर पावसाळ्यात अचानक उगवणारी कुत्री कोण कशी मोजणार? लेप्टोचंही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचंही, तेच. भातखाचरांत अनवाणी उतरणाऱ्या आमच्या माणसांना लेप्टो काय ते चांगलं माहीत आहे. तो कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्या लघवीतून पसरतोही. त्याची लस दरवर्षी द्यायची असते, एकदा देऊन विसरायची नसते.

कासवांचंही सांगते, कारण तुमच्यातले कितीतरी जण मार्चमध्ये कॅमेरे घेऊन वेळास-आंजर्ल्याला येतात. थंडीत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळूत अंडी घालून जातात. गावचे कासवमित्र पहाटे किनारा तुडवून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणात हलवतात. का हलवावी लागतात? कोल्हे आहेत, भरती आहे, आणि कुत्री आहेत. उपाशी कुत्र्याला वाळूखालच्या अंड्यांचा वास लागतो. त्यात कुत्र्याचा गुन्हा काही नाही. पण ज्या घरातून ते कुत्रं उपाशी निघालं, त्याच घरातली मुलं त्या कुंपणाशी उभी राहून पिल्लं समुद्रात जाताना टाळ्या वाजवत असतील, असं कधी कधी मनात येतं.

आमची माणसं संत आहेत असं माझं म्हणणं नाही. घरोघर दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री आहेत, गुरुवारी हार पडतो, आणि त्याच घरातून मादी पिल्लं गोणीत घालून ओढ्यापलीकडे सोडली जातात. चतुर्थीला चाकरमानी आले की बंद घरं उघडतात, दहा दिवस वाडीतल्या कुत्र्यांची चंगळ होते, विसर्जन झालं की पुन्हा कुलपं. त्यांना वेगळं पत्र लिहायला हवं, आणि ते मी आमच्या मालवणी-बाणकोटी शिव्यांसकट लिहीन. पण गावठी पिल्लू वाडीत तग धरण्याची थोडी तरी शक्यता असते. तुमच्या लॅब्राडोरची नाही.

आता दत्तक घेण्याबद्दल. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आमच्या गावातल्या प्रत्येक गिरणी कामगाराच्या घराला माहीत होतं, खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, १८८३ पासूनचं. अशी मोठी ठिकाणं आणि लहान-लहान संस्था मुंबई, ठाणे, पुण्यात आहेत. तिथं एकदा सहज जाऊन या. पिल्लं पटापट जातात. तीन-चार वर्षांची, सात वर्षांची कुत्री मागे राहतात. तुम्ही म्हणाल, मोठं कुत्रं आपलं होत नाही. कुणी सांगितलं? मोठ्या कुत्र्याचा एक मोठा फायदा असा की ते जेवढं आहे तेवढंच राहतं. किती मोठं होणार, रागीट निघणार का, मुलांशी कसं वागेल, मांजराच्या मागे लागतं का, हे समोर दिसतं. संस्थेतून येणाऱ्या कुत्र्याची नसबंदी आणि लस बहुतेक झालेली असते. रात्री रडणं नाही, चपला फाडणं बरंच कमी. आणि गावठी घेतलंत तर अंगावर आखूड केस, आपल्या हवेत मुरलेलं. रविवारी तुमच्याबरोबर इथं आलं तरी त्याला धाप लागणार नाही.

पहिले काही दिवस मात्र ते तुमच्यावर प्रेमाचा वर्षाव वगैरे करणार नाही. कोपऱ्यात बसेल, खाणार नाही, कदाचित घरात घाण करेल. नव्या जागेचा अंदाज घ्यायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, आपलं घर वाटायला तीन महिने, असा एक ढोबळ हिशोब कुत्र्यांचं काम करणारे लोक सांगतात. माझा अनुभव त्याच्या जवळपासच आहे. त्या काळात पाहुणे बोलावू नका, डोक्यावरून हात फिरवायची घाई करू नका, गॅलरीचं दार बंद ठेवा, पट्टा सैल आहे की घट्ट ते रोज दोन बोटं घालून बघा.

आमच्याकडे एक तपकिरी लॅब्राडोर होता, वाळूत सापडलेला. नाव माहीत नव्हतं, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. चिपळूणचं एक शिक्षक जोडपं त्याला न्यायला आलं. दोघांनाही तो आवडला, त्यालाही ते आवडले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झालं. गाडीची डिकी उघडल्याबरोबर त्यानं चारही पाय रोवले आणि तिथंच मुतला. त्याचा आधीचा गाडीचा प्रवास कसा झाला असेल हे ओळखायला ज्योतिषी नको. दुसरं कुणी असतं तर परत गेलं असतं. हे पुढच्या रविवारी पुन्हा आले, गाडी आमच्या खळ्यात लावली, चारही दारं उघडी टाकली आणि नवरा-बायको आत बसून पोहे खायला लागले. भाऊ लांबून बघत होता. सरांनी ऑम्लेटचा तुकडा मागच्या सीटवर ठेवला आणि वर्तमानपत्र उघडलं. बराच वेळ गेला. आमच्या इतर पाहुण्यांनी या प्रकाराचे फोटो काढले. शेवटी तो चढला, ऑम्लेट खाल्लं आणि उतरायचं विसरला. बाईंनी हळूच दार लोटलं. डिकीत मात्र तो अजून बसत नाही. मागच्या सीटवर बसतो, म्हणून सरांनी सीटला जुनं गोधडं शिवून घेतलंय.

तुमच्याकडे गाडी आहे, तेव्हा जाण्या-येण्याची अडचण सांगू नका. मांडव्याच्या रो-रो बोटीनं येताना कुत्रा बरोबर आणता येतो. कोकण रेल्वेनंही नेता येतो, पहिल्या वर्गाच्या एसीत आख्खा कूपे घेऊन किंवा गार्डाच्या डब्यात रीतसर नोंदणी करून. सोसायटी परवानगी देत नाही, ही सबबही चालायची नाही. पाळीव कुत्र्याला सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळानं सोसायट्यांना लेखी कळवलेलं आहे.

ज्यांचा कुत्रा आज बंगल्यावर आहे त्यांनी मेच्या शेवटाची वाट बघू नये. घेऊन जा. नेणं खरंच शक्य नसेल, घरात आजारपण आहे, परदेशी बदली झाली, तर आत्तापासून दुसरं घर शोधा आणि मिळेपर्यंत कुत्रा तुमच्याजवळ ठेवा. राखणदार मनापासून सांभाळायला तयार असेल तर त्याला कुत्र्याचे पैसे वेगळे द्या, चार महिन्यांचे आगाऊ, पगारात न मिसळता. डॉक्टरांचा नंबर आणि लसीचा कागद त्याच्या हातात ठेवा, साखळी काढून पडवीत कोरडी जागा करा. आणि आठवड्याला फोन करून फ्रिजची चौकशी करता तेव्हा व्हिडिओ कॉलवर कुत्र्याची मानही बघा.

माझ्याकडे या घडीला रूबी आहे. जखम भरली, त्या जागेवर केस आले नाहीत, आवाज घोगरा झालाय. शिवाय एक बहिरा पॉमेरेनियन आणि दोन गावठी भावंडं आहेत. सगळ्यांची नसबंदी झालीय, लसी झाल्यात, कागद तयार आहेत. कुणाला न्यायचं असेल तर या, दोन दिवस आमच्याकडे राहा, त्यांच्याबरोबर फिरा, मग ठरवा. तेवढ्या दिवसांचं खोलीभाडं मी लावणार नाही. दत्तकपत्रावर पत्ता मात्र तुम्ही बारा महिने राहता तिथला लिहायचा. बंगल्याचा पत्ता मी घेत नाही.

कळावे,
आपली,
दापोली किनाऱ्यावरची एक निवास-न्याहारीवाली